दुडकी जमत नाही, घोडी फाटकापाशी अडते, मुलं पुढे निघून गेली. मन टिकवायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात सांगायचं तर असं: वय एकेचाळीस, साताऱ्यात नोकरी. लहानपणापासूनची हौस म्हणून जानेवारीपासून दर रविवारी सकाळी घोडेस्वारी शिकायला जाता. घोडी चालत असेल तर बसता येतं, पण दुडकी (ट्रॉट, चालण्यापुढची उसळती चाल) धरली की उठबस चुकते आणि आपटायला होतं. मधेच घोडी सरावाच्या रिंगच्या फाटकापाशी जाऊन उभी राहते आणि काही केल्या हलत नाही. बॅचमधली दहा-बारा वर्षांची पोरं कँटरला, म्हणजे दुडकीपुढच्या वेगवान चालीला लागली. उस्ताद म्हणतात, "मॅडम, पॉझिटिव्ह राहा." घरचे म्हणतात, "हे काय वय आहे का?" आणि रविवारी दुपारी घरी येता तेव्हा जीव नुसता आंबून गेलेला असतो. पॉझिटिव्ह राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय, की सोडूनच द्यावं, असं तुम्ही शेवटी विचारलंय.

मी सांगलीकडचा. घोडी तयार करणं आणि माणसांना स्वारी शिकवणं हेच काम आयुष्यभर केलं. वय वाढल्यावर शिकायला आलेली माणसं माझ्याकडे पुष्कळ येतात आणि त्यातली बरीच तुमच्यासारखीच तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हबकतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या उस्तादांचा हेतू चांगलाच आहे, पण "पॉझिटिव्ह राहा" एवढं सांगून कुणाचं मन बदलत नाही. उलट मन खट्टू झालंय हीसुद्धा आपलीच चूक, असं वाटायला लागतं. घोड्याच्या बाबतीत मन कसं आहे हे शेवटी हात, श्वास आणि बैठक यांतूनच दिसतं. तुम्ही मनात काय म्हणता ते घोडीला कळायला मार्ग नाही, पण लगाम किती घट्ट धरलाय, मांड्या किती आवळल्यात आणि श्वास रोखलाय का, हे तिला लगेच कळतं. त्यामुळे हातांवर आणि बैठकीवर काम करायचं. मन त्यामागून येतं, हा माझा अनुभव आहे.

आता घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते पाहू. दुडकीत घोड्याचे पाय तिरक्या जोडीने पडतात. पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा. प्रत्येक जोडी जमिनीला लागली की घोड्याची पाठ तुम्हाला खालून वर उडवते. एका धक्क्याला वर जायचं, दुसऱ्याला अलगद टेकायचं, ही झाली उठबस. ताल सापडला नाही की शरीर आधार शोधतं, आणि त्या वेळी हातात असतो लगाम. मग माणूस लगामाला लोंबकळून उठतो. बसलेल्याला ते कळतही नाही, कारण सगळं लक्ष आपटण्याकडे असतं.

हेच घोडीच्या बाजूने बघा. लगामाची कडी तिच्या तोंडात पुढच्या आणि मागच्या दातांच्या मधल्या मोकळ्या जागेत, थेट हिरडीवर असते. तिथं हाडावर पातळ कातडी, दुसरं काही नाही. तुम्ही दर पावलाला तिथं हिसका देता. ती मान वर करते, पाय आखडते, दुडकी सोडून चालायला लागते. उस्ताद ओरडतात, "टाच मारा!" तुम्ही टाच मारता, ती निघते, पुन्हा तोंडाला हिसका. टाच म्हणते चल, हात म्हणतो थांब. अशा वेळी शहाणी घोडी एकच करते, जिथं त्रास संपतो तिथं जाऊन उभी राहते. तिच्या दृष्टीने ती जागा म्हणजे फाटक. तिथून तिला सोबतची घोडी दिसतात, दर रविवारी तास तिथंच संपतो, तिथंच तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल होतो, तिथूनच ती चंदीकडे, म्हणजे खाण्याकडे जाते. ती फाटकाशी अडली की तुम्हाला वाटतं, सगळ्यांसमोर आपली फजिती झाली. मग हात आणखी घट्ट होतात. आणि चक्र पुन्हा सुरू.

म्हणजे दुडकी, फाटक आणि उतरलेलं मन ही तीन वेगळी दुखणी नाहीत, एकातून दुसरं आलंय. यात तुमचा स्वभाव वाईट नाही आणि घोडी हट्टीही नाही. ती लबाडी करते असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. "ही मला मुद्दाम छळते" असं एकदा डोक्यात बसलं की माणूस हाताने सूड घ्यायला लागतो, आणि चांगल्या माणसांचंही तसं होताना मी पाहिलंय.

माणसाचा ताण घोड्याला कळतो, ही नुसती पागेतली समजूत नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसं घोड्यावर बसून किंवा त्याला हाताने धरून एका ठरलेल्या वाटेने ये-जा करत होती. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगण्यात आलं की आता घोडा पुढे गेला की छत्री उघडणार. छत्री कुणी उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. शांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात, आपल्यापेक्षा कितीतरी संथ. एवढा संथ जीव आपल्या नुसत्या धास्तीने जागा होतो. मग दर रविवारी फाटक जवळ आलं की तुमच्या अंगात जे होतं ते घोडीला कळत नसेल का?

पुढचं सांगण्याआधी परिस्थितीवर अवलंबून असलेल्या दोन-तीन गोष्टी तपासून घ्या. त्या बिघडलेल्या असतील तर बाकी सगळी मेहनत वाया जाईल.

पहिली गोष्ट म्हणजे घोडीची तब्येत. खोगीर चढवण्याआधी उघडा तळहात तिच्या पाठीवरून, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, खांद्यापासून कमरेपर्यंत मध्यम दाब देत फिरवा. एका ठिकाणी ती पाठ खाली झुकवत असेल, कातडी थरथरवत असेल किंवा वळून बघत असेल तर तिथं दुखतंय. खोगिराखाली पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तो जुन्या दाबाचा डाग समजा. तंग आवळताना कान मागे पाडत असेल, दात दाखवत असेल तर त्याचंही कारण शोधायला हवं. मारवाडी किंवा काठेवाडी रक्ताची घोडी असली की कानांची टोकं आत वळलेली असतात, नवख्याला कान वाचायला थोडा वेळ लागतो. पण मानेला चिकटवलेले कान कोणत्याही जातीत ओळखू येतात. कडीही हातात घेऊन बघा. आपल्याकडे वरातीच्या आणि शर्यतीच्या घोड्यांना अजून कुठं कुठं काटेरी कडी घालतात. जनावरांचा छळ रोखण्याच्या १९६५ च्या नियमांनीच तिला बंदी आहे. शिकवणीच्या घोडीच्या तोंडात असलं काही दिसलं तर दुसरी जागा बघा, त्यात बोलणी करण्यासारखं काही नाही. पाठ दुखत असेल तर तुम्ही कितीही प्रसन्न मनाने बसलात तरी ती दुखणारच.

दुसरी गोष्ट, तुम्हाला वाटते ती भीती आहे की निराशा, हे स्वतःशी वेगळं करा. दोन्हींचा उपाय वेगळा आहे. घोडी मागच्या पायांवर उभी राहते, उधळते, चावायला येते, आणि म्हणून पोटात गोळा येत असेल, तर ती भीती खरी माहिती देतेय. तिच्यावर पॉझिटिव्हचं पांघरूण घालू नका. उस्तादांना सरळ सांगा, मला दुसरं शांत जनावर द्या. पडण्याची साधी धास्ती असेल तर मात्र सरावाने जाते, फक्त डोक्यावर घोडेस्वारीचंच हेल्मेट हवं, मोटरसायकलचं नको, आणि हनुवटीखालचा पट्टा आवळलेला हवा. पायात टाचेचा बूट. सपाट तळव्याचा पाय रिकिबीतून आरपार जातो, आणि पडताना तो अडकला तर माणूस फरफटतो. एवढी तयारी नीट असली की निम्मी धास्ती तिथंच जाते.

तिसरी गोष्ट, आठवड्यातून एकच तास. त्यात शरीर शिकतं आणि पुढच्या रविवारपर्यंत निम्मं विसरतं. दोनदा जाणं परवडलं तर फरक लगेच दिसेल. नाही परवडलं तर वेग कमी राहील, आणि तो कमी असणारच हे आजच मान्य करून टाका. पोरांशी तुलना करतानाही हे लक्षात ठेवा. ती कदाचित सुट्टीत रोज आली असतील. त्यांचं वजन हलकं, कंबर सैल, पडलं तर काय होईल याचा विचार नाही. तुम्ही दिवसभर खुर्चीत बसता, त्यामुळे कमरेचे सांधे आखडलेले असतात, आणि उठबस सगळी त्याच सांध्यांतून होते. ती पोरं घोडीवर बसून पुढे जातायत, घोडी कशी वाचायची ते मात्र त्यांना अजून यायचंय. तुम्ही लिहिलंय की घोडी अडण्याआधी कान फाटकाकडे वळवते आणि आतल्या बाजूचा खांदा जड करते. हे दहा वर्षांच्या पोराला दिसत नाही. तुम्हाला चार महिन्यांत दिसलंय.

आता प्रत्यक्ष करायचं काय?

उस्तादांना पुढच्या रविवारी म्हणा, "उस्ताद, सुरुवातीची पंधरा मिनिटं मला लंजवर घ्याल का?" लांब दोरीला घोडी धरून ते मधे उभे राहतील आणि घोडी त्यांच्याभोवती गोल फिरेल. घोडी चालवण्याची जबाबदारी त्यांची, तुमच्याकडे फक्त बसणं. लगाम हातात नकोच, गाठ मारून मानेवर ठेवा. घोडीच्या मानेला एक साधा चामडी पट्टा किंवा जुना रिकिबीचा पट्टा बांधा आणि तोल गेला की तो धरा. तोंडाला हिसका बसणं त्या क्षणी बंद होतं. एवढ्यावरच घोडीच्या चालीत बदल दिसतो, मान खाली येते, पाऊल लांब पडतं. लंजवर बसणं म्हणजे कच्च्यात ढकललं, असं मनात आणू नका. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये जगातले उत्तम स्वार तयार होतात, तिथंही नवीन विद्यार्थ्याला सुरुवातीला बराच काळ लगाम आणि रिकिबीशिवाय लंजवर बसवतात.

उठबस आधी चालत्या घोडीवर करा. पाय बरोबर तुमच्याखाली हवेत. खुर्चीत बसल्यासारखे पुढे गेले तर उठताच येणार नाही, मागे पडाल. टाच खाली, नजर घोडीच्या कानांच्या वरून पलीकडे, आणि रिकिबीवर उभं राहून मनातल्या मनात चार पावलं मोजा, मग बसा. हे डुगडुगत का होईना जमलं की दुडकी मागा. दुडकीत फार उंच उठायचं नाही. खोगिरावरून दोन बोटं सुटलं तरी पुरे, घोडीच तुम्हाला उचलते. टेकताना मात्र धपकन नको, तिच्या पाठीवर तुमचं सगळं वजन असतं.

ताल सापडायला मी आमच्याकडच्या माणसांना विठ्ठलाचं नाव घ्यायला लावतो. "विठ्" म्हणताना वर, "ठल" म्हणताना खाली, मोठ्याने, लाजायचं नाही. वारीत चालून आलेल्या माणसाला तो ताल अंगातच असतो. दुसरा फायदा असा की बोलताना श्वास रोखता येत नाही. नवखा माणूस दुडकीत पहिल्या पावलाला श्वास आत ओढतो आणि तसाच ठेवतो, त्यामुळे कंबर लाकडासारखी होते आणि आपटणं वाढतं. विहिरीत पोहायला शिकलेल्याला हे वेगळं सांगायला नको, अंग जितकं ताठ तितकं पाणी खाली ओढतं. ताल एकदा बसला की मग कोणत्या खांद्यावर उठायचं ते शिका. डाव्या हाताला गोल फिरताना घोडीचा उजवा, म्हणजे बाहेरचा खांदा पुढे जातो तेव्हा वर. पण ते आज नको, दोन्ही एकदम धरायला गेलं की एकही जमत नाही.

घरी काय करता येईल हेही तुम्ही विचारलंय. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीच्या काठावर चवडे ठेवून उभ्या राहा, कठड्याला हात लावा आणि टाचा सावकाश खाली जाऊ द्या. रोज थोडा वेळ पुरे. पिंढऱ्या सैल होतात आणि रिकिबीत टाच खाली ठेवायला झगडावं लागत नाही. मांड्यांच्या आतल्या बाजूचं दुखणं सुरुवातीला सगळ्यांनाच होतं, त्याची काळजी करू नका.

फाटकाचा उपाय सोपा आहे, पण दर रविवारी न चुकता करावा लागतो. तास संपला की फाटकापाशी उतरायचं बंद करा. रिंगच्या अगदी पलीकडच्या टोकाला जा, तिथं थांबा, मान थोपटा, तिथंच उतरा, तिथंच तंग दोन भोकं सैल करा आणि मग हाताने धरून बाहेर आणा. मधल्या विश्रांतीसाठीसुद्धा त्याच टोकाला थांबा. काम करायचं असेल तर ते फाटकाजवळ, छोटे गोल, वळणं, थांबणं-निघणं. काही आठवड्यांत घोडीच्या डोक्यातला हिशोब बदलतो. आराम पलीकडे मिळतो आणि फाटकापाशी घाम निघतो, हे तिला कळतं. उस्तादांनी हे बॅचमधल्या सगळ्यांना लावलं तर आणखी बरं, कारण घोडी एकट्या तुमच्याकडूनच शिकत नाही, दिवसभरात जो जो बसतो त्या प्रत्येकाकडून शिकते.

तरी ती अडलीच तर लाथांचा पाऊस नको. श्वास सोडा, एकाच बाजूचा लगाम, हात बाहेर नेत, जरा उघडा, तिचं नाक फाटकापासून वळू द्या आणि पायाने एकदा स्पष्ट सांगा. तिने अर्धं पाऊल टाकलं रे टाकलं की पाय आणि हात दोन्ही सैल. सगळं शिक्षण या सैल सोडण्यात आहे. घोडा दाबाने शिकत नाही, दाब कधी सुटला त्यावरून शिकतो, आणि सुटका त्याच क्षणी झाली तरच त्याला संबंध कळतो. तुम्ही चिडलेल्या असाल तर नेमका हा क्षण हातून निसटतो. ती पाऊल टाकते आणि तुम्ही रागाच्या भरात आणखी एक टाच मारता. तिने ऐकलं आणि मार मिळाला. चिडलेल्या हाताने घोडा शिकवू नये असं जुनी माणसं सांगतात ते याचसाठी. राग आला असेल तर खुशाल उतरा, घोडी पाच मिनिटं हाताने फिरवा आणि पुन्हा बसा. त्यात कसलीही हार नाही.

इथवरचं एकत्र करून सांगतो: आधी पाठ आणि तोंड तपासा, मग लगाम हातातून काढून लंजवर ताल शोधा, तास पलीकडच्या टोकाला संपवा, आणि तिने ऐकलं त्या क्षणी सैल सोडा.

आता मनाविषयी, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच. तुम्ही रविवारचा तास "दुडकी आली की नाही" या एकाच मापाने मोजता. मग उत्तर दर वेळी "नाही" येतं, एक दिवस अचानक "हो" येईपर्यंत. तोवर मन टिकणार कसं? माप बदला. एक छोटी वही करा. घरी परतताना रिक्षात किंवा बसमध्ये तीन ओळी लिहा: आज घोडीने काय केलं, त्याआधी मी काय केलं होतं, पुढच्या वेळी कोणती एकच गोष्ट बघणार. स्वतःला मार्क द्यायचे नाहीत. "आज वाईट गेलं" असं लिहायचं नाही, कारण त्यातून पुढच्या रविवारी करण्यासारखं काही हाती लागत नाही. "उजव्या हाताला फिरताना तिसऱ्या गोलात मान वर केली, त्याच वेळी माझा डावा हात वर गेला होता" असं लिहा. महिन्याभराने वही मागे चाळली की काय बदललं ते दिसतं, आणि ते दिसलं की मन आपोआप ताळ्यावर येतं. माझ्याकडची जी माणसं टिकली ती बहुतेक असली नोंद ठेवणारी होती, अंगात फार कौशल्य घेऊन आलेली नव्हती.

दुसरं असं की तासाआधी अर्धा तास लवकर जा आणि मोतद्दारासोबत, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यासोबत, घोडी तयार करा. मोतद्दार नको म्हणेल, "मॅडम, राहू द्या, कपडे खराब होतील." तुम्ही करा. बाजूने, खांद्याच्या दिशेने जा, आवाज देत. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या सरळ मागचं दिसत नाही. मानेपासून खरारा (अंग घासायचा ब्रश) सुरू करा. पोटाखाली आला की ती वरचा ओठ लांबवेल किंवा मान खाली टाकेल, तिथं तिला बरं वाटतंय. खूर उचलून आतली माती काढा. मग तंग बांधताना बघा, बऱ्याच घोडी त्या वेळी छाती फुगवून धरतात. म्हणून तंग एका दमात आवळायचा नाही. आधी सैल लावायचा, दोन पावलं चालवायचं, मग एक भोक, बसण्याआधी आणखी एक. हे सगळं तुमच्या हाताने झालं की घोडीवर चढताना ती अनोळखी राहत नाही आणि तुमचे ठोकेही खाली आलेले असतात. ज्या दिवशी वर बसून काहीच जमणार नाही, त्या दिवशीही हे अर्ध्या तासाचं काम चांगलं झालेलं असेल, घरी जाताना तेवढं तरी पदरात.

सवय कशी लागते याचा सगळ्यात मोठा नमुना तुमच्याच जिल्ह्यात आषाढात दिसतो. फलटण तालुक्यात तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथं माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं. दोन्ही बाजूंना हजारो माणसं, टाळ-मृदंग, पताका आणि मधल्या चिंचोळ्या वाटेने अश्व दौडतो. भित्र्या जातीचा प्राणी, गर्दी बघितली की पळणारा. तो तिथं दौडतो याचं कारण बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून आळंदीपर्यंतची पायी चाल, वाटेतली गावं, माणसांचे हात, आवाज, सगळं पचवत तो तिथवर आलेला असतो. यंदा जमलं तर रिंगणाला जा आणि अश्वाच्या कानांकडे लक्ष ठेवा.

वयाचं फार बोलत नाही. जपानचे हिरोशी होकेत्सु १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये घोड्यावर उतरले, मग थेट २००८ ला बीजिंगमध्ये, आणि २०१२ ला लंडनला ड्रेसाजमध्ये (घोड्याच्या सफाईदार चालींची स्पर्धा) उतरले तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. तुम्हाला ऑलिंपिकला जायचं नाही हे मला कळतं. पण एकेचाळीस हे या विद्येत उशिराचं वय नाही, एवढं घरच्यांना जरूर सांगा. आणि एकदा त्यांना पागेवर घेऊन या, तुम्ही खूर साफ करताना त्यांना बघू द्या. बरीच बोलणी तिथंच बंद होतात.

उस्तादांविषयी एक विनंती. ते चुकतात असं म्हणून जाऊ नका. "ट्रॉटला माझा हात वर जातो असं वाटतं, तुम्ही बघाल का?" असं विचारा. चांगला उस्ताद अशा प्रश्नावर खूश होतो, कारण शिकणारा नेमकं बोलतोय. त्यांनी हसण्यावारी नेलं, घोडीला चाबूक लावून तुमच्यासमोर पळवून दाखवली, किंवा पाठीची तक्रार ऐकून घेतली नाही, तर मात्र बदल करा. साताऱ्याच्या आसपास शिकवणारे आणखीही आहेत, आणि तासाचे थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. महाबळेश्वर-पाचगणीला पर्यटकांच्या घोड्यावर फेरी मारून सराव होईल का, असंही तुम्ही विचारलंय. तिथला घोडा त्याच त्या वाटेने, मालकाच्या आवाजावर चालतो. आनंदासाठी बसा, पण त्यातून बैठक घडत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, सोडावं का. आत्ता ठरवू नका. वर सांगितलं तसं पावसाळा सुरू होईपर्यंत करा. जूनमध्ये रिंग चिखलाने भरली की तास रद्द होतील. तेव्हा घरी बसू नका, पागेवर जाऊन खरारा आणि खुरांचं काम करा. ओल्यात खुरांच्या तळाला काळं, कुजकट वासाचं काही दिसलं तर मोतद्दाराला दाखवा. पाऊस ओसरल्यावर स्वतःला विचारा, शनिवारी रात्री उद्या जायचंय याचा आनंद होतो का? होत असेल तर दुडकीला वर्ष लागलं तरी चालू ठेवा. होत नसेल आणि घोड्याजवळ असणं मात्र आवडत असेल, तर काही महिने वर बसणं थांबवून नुसतं जमिनीवरचं काम शिका, दोरीवर चालवणं, थांबवणं, मागे सरकवणं. ते शिकून परत खोगिरावर आलेली माणसं वेगळीच बसतात. आणि दोन्ही नको वाटत असेल तर बिनदिक्कत सोडा, हौस म्हणून सुरू केलेल्या गोष्टीचं ओझं वाहायचं कारण नाही.

लंजवरचे थोडे तास झाल्यावर फाटकाचं काय झालं ते कळवा. तेव्हाही ती अडत असेल तर खोगीर काढल्यावर तिच्या पाठीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि पशुवैद्यांना बोलवायला सांगा. आणि हो, गेल्या दहा वर्षांत धनुर्वाताचं इंजेक्शन झालं नसेल तर या आठवड्यातच घ्या. लिदीत आणि पागेच्या मातीत त्याचे जंतू असतात, आणि खुरांचं काम करताना हाताला खरचटतंच.